गुरुवारी दुपारी, बुधवार रात्रीचा सामना

बेसबॉलचा सामना मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी एका मोसमात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतली एक टीम जिंकावी म्हणून माझा जीव कासावीस व्हायचा, असं सांगितलं की आमच्याकडे जेवायला आलेली मंडळी हसतात. हसू देत बापडी. मी तशी तापट बाई आहे, पण या बाबतीत कुणी हसलं तर मला राग येत नाही. ते सगळं मला झोपेत घडल्यासारखंच आठवतं, आणि बरंचसं खरोखर झोपेतच घडलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला एका भाड्याच्या लाकडी घरात राहत होतो. मी हॉस्पिटलात नर्स, बहुतेक वेळा रात्रपाळीला. माझी पुण्याची नोंदणी इथे फारशी खळखळ न होता चालून गेली. नवरा डॉक्टर, पण त्याचं तसं झालं नाही. इथल्या परीक्षा तो पास झाला होता. आता एखाद्या हॉस्पिटलने वर्षभर आपल्या देखरेखीखाली ठेवून घेतलं की झालं. त्या ‘की झालं’पाशी आमची गाडी दोन वर्षं अडून बसली होती. तोवर तो एका बेकरीत पाव भाजत होता. पहाटे सायकलवरून जायचा आणि अकराच्या सुमाराला परत यायचा, केसांत पीठ, अंगाला यीस्टचा आंबूस वास. बेकरीचा मालक भला माणूस, कशालाही ‘स्वीट अ‍ॅज’, म्हणजे एकदम झकास, म्हणायचा. नवरा घरी येऊन सांगायचा, “आज अख्खा ट्रे करपवला, तरी स्वीट अ‍ॅज! आपल्याकडे असतो तर मालकाने माझाच पाव केला असता.” तो हसायचा आणि मग बराच वेळ नखांतलं पीठ काढत बसायचा.

जुलैमध्ये खालच्या दक्षिण बेटावरच्या, क्राइस्टचर्चकडच्या एका हॉस्पिटलने त्याला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत बरी झाली. जागा एकच आहे, वरून मंजुरी आली की फोन करू, असं ते म्हणाले. कधी करू ते म्हणाले नाहीत. आमच्याकडे आन्सरिंग मशीन नव्हतं. म्हणून बेकरीतून आला की नवरा घर सोडायचा नाही. आधी फोन उचलून लाइन चालू आहे ना ते बघायचा, मग अंघोळ.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, त्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा पहिला हुकूम म्हणजे फोनचा विषय घरात काढायचा नाही. बोलून दाखवलं की नाट लागतो, असं त्यांचं ठाम मत. मग काय, आम्ही तिघं हवेवर बोलायचो, लिंबांवर बोलायचो, कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या दुधाच्या भावावर बोलायचो, आणि मधेच सगळे एकदम गप्प व्हायचो. त्या गप्प होण्याचा मला फार राग यायचा. एकदा तर मी भांडं आपटून म्हटलं, “अहो, काहीतरी बोला कुणीतरी, नाहीतर मी रस्त्यावर जाऊन गाणं म्हणते!”

बोलायला विषय आणून दिला तो शेजारच्या प्रोफेसरांनी. हे अमेरिकन गृहस्थ, वय झालेले, एकटेच, विद्यापीठात मातीवर संशोधन करायला वर्षभरासाठी आलेले. एका संध्याकाळी कुंपणापाशी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, “तुम्ही दुपारी घरीच असता ना?”

नवऱ्याचा चेहरा उतरला. दुपारी घरी असणारा धडधाकट पुरुष म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण प्रोफेसरांच्या मनात तसलं काही नव्हतं. त्यांची एक लाडकी टीम होती, तिथल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या शहराची. लहानपणापासून ते तिच्यासाठी झुरत आले होते आणि टीमने त्यांना आयुष्यभर तोंडघशी पाडलं होतं. या वर्षी म्हणे ती अखेर वर आली होती. गटात पहिली येणारी टीमच पुढे जाते आणि आपण दुसरे आहोत, अगदी थोडक्यात मागे. तिथे संध्याकाळी सामने असतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवसाची दुपार असते, आणि दुपारी त्यांचे वर्ग. शॉर्टवेव्ह रेडिओवर आठवड्यातून दोन-तीनदा आपला सामना लागतो. तुम्ही ऐकाल का, आणि संध्याकाळी मला सांगाल का?

दुसऱ्या दिवशी त्यांचा तो खोक्याएवढा रेडिओ आमच्या दिवाणखान्यात आला. त्याची तार नवऱ्याने खिडकीतून बाहेर काढून लिंबाच्या झाडाला बांधली. आई म्हणाल्या, “कपडे वाळत घालायला बरी आहे.”

पहिले काही दिवस कुणाला काही कळेना. खरखर, मग दूरवरच्या गर्दीचा आवाज, मग एक जाडसर, निवांत आवाज बोलता बोलता बुडून जायचा आणि भलतीकडेच वर यायचा. नवऱ्याला क्रिकेट येत होतं, त्यावरून त्याने अंदाज बांधले. प्रोफेसर कुंपणापाशी उरलेलं समजावून द्यायचे. मग नवरा आईंना समजावायचा. बॅटरने मारायचं, मैदानात चार कोपऱ्यांवर चार ठाणी आहेत, पहिल्यावर जायचं, तिथून दुसऱ्या, तिसऱ्यावर, आणि जिथून निघालो तिथे परत पोचलं की एक रन.

“म्हणजे घरून निघायचं, तीन ठिकाणी थांबायचं आणि परत घरीच यायचं?” आई म्हणाल्या. “मग निघावं तरी कशाला?”

“तेच मी दोन वर्षं स्वतःला विचारतोय,” नवरा म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला.

मी सकाळी ड्युटीवरून यायची, दोन घास खायची आणि आडवी व्हायची. झोपायची खोली दिवाणखान्याला लागूनच होती आणि दार उघडंच ठेवायचे मी, कारण हीटर एकच होता. दुपारी कधीतरी झोपेत तो आवाज शिरायचा. तिथे उन्हाळा संपत आलेला. आवाज म्हणायचा, आज उकाडा आहे, लोकांनी बाह्या सरसावल्यात, तळ्यावरून जरा वारा सुटलाय. इकडे माझ्या अंगावर दोन रजया, खिडकीबाहेर गवतावर सावलीच्या पट्ट्यात दुपारपर्यंत तसंच गोठलेलं दहिवर. मला कळायचं नाही की मी कुठल्या देशात आहे, कुठला वार आहे, कालचा दिवस संपलाय की अजून चालूच आहे. स्वप्नात माझ्या वॉर्डातले म्हातारे पेशंट गाऊन घालून, सलाइनचे स्टँड ओढत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर पळायचे आणि मी ओरडायची, “सावकाश, आजोबा, टाके तुटतील!” मग गर्दी ओरडायची आणि मी अर्धवट जागी होऊन विचारायची, “काय झालं रे? गेला का बॉल?” आणि नवरा शेजारच्या खोलीतून, कुजबुजत, जणू मैदानातले लोक ऐकतील म्हणून, सांगायचा, “गेला. झोप तू.”

ते सुख होतं. आता सरळ सांगते, ते सुख होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय ही अवदसा, डॉक्टर माणूस पाव भाजतोय, बायको रात्री जागतेय, सासू परक्या देशात स्वेटरवर स्वेटर चढवून बसलीय. पण दुपारी बारा ते तीन आमचं घर जणू पाण्यावर तरंगायचं. कणीक मळल्याचा वास, हीटरची ऊब, दूरची ती संध्याकाळ. वॉर्डात सकाळी ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करत येणाऱ्या आमच्या सिस्टरनी मला एकदा विचारलं, “अलीकडे घरी जायची एवढी घाई का असते गं?” मी काय सांगणार, कपाळ!

ऑगस्टच्या मध्याला एक प्रकार झाला. सामना अटीतटीचा होता आणि कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून आई उठल्या. त्या उठल्या आणि त्याच चेंडूवर समोरच्या बॅटरने होमरन, म्हणजे त्यांचा षटकार, मारला. खेळ खलास. आई पळी हातात घेऊन दारात उभ्या, चेहरा पांढरा.

“मीच उठले,” त्या म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून नियम पडला. पुण्यात माझे सासरे क्रिकेटच्या वेळी हाच नियम चालवायचे. भागीदारी जमली की जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. आई सांगायच्या, लग्न नवीन असताना एकदा कसोटीच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लाटणं घेऊन उभ्या होत्या आणि चहापानापर्यंत सासऱ्यांनी त्यांना हलू दिलं नाही. तेव्हा मनातल्या मनात शिव्या घालणाऱ्या आई आता स्वतः त्याच गादीवर बसल्या. खिडकीपाशी त्यांची खुर्ची, दाराजवळ जमिनीवर नवरा, पलंगावर मी. शेवटच्या इनिंगमध्ये आपली टीम मारत असेल तर कुणी जागचं हलायचं नाही. पाणी नाही, बाथरूम नाही. एकदा मला शिंक आली तर आईंनी अशी काही नजर टाकली की मी ती गिळलीच.

गंमत अशी की नियम लागू पडला. टीम जिंकू लागली. चार सामने मागे होतो ते दोनवर आलो, मग दीडवर. हा अर्धा सामना आईंच्या गळी शेवटपर्यंत उतरला नाही. “अर्धी पोळी समजते मला,” त्या म्हणायच्या. पण संध्याकाळी नवरा कुंपणाशी गेला की त्या खिडकी उघडून ओरडायच्या, “सांग त्यांना, दीडच राहिला म्हणावं!” प्रोफेसर टोपी काढून खिडकीकडे बघत मान झुकवायचे. आई लाजायच्या.

सप्टेंबर उजाडला, लिंबाच्या पलीकडे प्लमला पांढरी फुलं आली, पामर्स्टनचा तो सुप्रसिद्ध वारा सुटला आणि फोन काही आला नाही. माझा धीर सुटत चालला. एका सकाळी नवरा बेकरीतून येताच मी त्याला म्हटलं, “तूच कर ना फोन. विचार त्यांना, काय झालं म्हणून. खातात का ते?”

“उद्या करतो. आज सामना आहे.”

“काल पण सामना होता!”

“काल नव्हता, काल प्रवासाचा दिवस होता त्यांचा,” तो म्हणाला आणि अगदी गंभीरपणे रेडिओची तार पुसू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हजारो कोसांवरच्या लोकांच्या प्रवासाचे दिवस याला पाठ, आणि स्वतःचं घोडं कुठे अडलंय ते विचारायला याची जीभ उचलत नाही! मी बडबड बडबड बडबडले आणि मग रजई डोक्यावरून घेऊन झोपले. दुपारी जाग आली ती त्याच्या कुजबुजीने. “एकच सामना राहिला मागे,” तो आईंना सांगत होता. रागात असूनही मी उठून बसले.

मग तो गुरुवार आला. म्हणजे इथे गुरुवार, तिथे बुधवारची रात्र. मोसमाचे थोडेच सामने उरले होते. पहिल्या नंबरची टीम आदल्या दिवशी जिंकली होती, त्यामुळे आता आपण हरलो की संपलं. प्रोफेसरांनी अकराच्या सुमाराला वर्गाला निघताना, सायकलवर बसता बसता हात जोडून नवऱ्याकडे बघितलं. हात जोडणं ते आईंकडून शिकले होते.

त्या दिवशी आवाज स्वच्छ येत होता. इतका की मैदानात कुणीतरी काहीतरी विकत ओरडत होता तेही ऐकू यायचं. शेवटची इनिंग. आपण एका रनने मागे. दोघे आउट झालेले. तिसरा आउट झाला की कारभार आटोपला. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यावर आपले दोन गडी उभे होते. एक फटका नीट बसला की दोघंही घरी, सामना खिशात. आईंचे डोळे मिटलेले. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. नवऱ्याची पाठ मला दिसत होती, ताठ.

आणि फोन वाजला.

फोन पॅसेजमध्ये होता, नवऱ्यापासून दोन हात लांब. तो उठेल असं मला वाटलं. आईंनी डोळे न उघडता तळहात वर केला. “हलू नका,” त्या पुटपुटल्या. सवयीने केलं त्यांनी ते, कुणाचा फोन असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. नवऱ्याने मान वळवून फोनकडे बघितलं. मग रेडिओकडे. फोन वाजत राहिला. रेडिओवरचा आवाज सांगत होता की चेंडू टाकणारा पिचर थांबलाय, कपाळ पुसतोय, गर्दी उभी राहिलीय. मला ओरडायचं होतं, उचल ना रे! पण खरं सांगते, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. मलाही तो फटका हवा होता. दोन्ही हवं होतं, एकाच क्षणी.

फटका बसला. लाकडाचा तो खणखणीत आवाज मी अजून ऐकू शकते. चेंडू उंच गेला, गर्दी ओरडली, निवेदकाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मग खाली आला. सीमेपाशी कुणीतरी झेलला होता.

फोनही थांबला होता.

मी पलंगावरून उडी मारली, अनवाणी धावले, रिसीव्हर उचलला. नुसता सूं आवाज. “कसली माणसं आहात तुम्ही!” मी किंचाळले. “फोन वाजत होता! दोन महिने ज्याच्यासाठी घरात बसलायस तो फोन वाजत होता!”

आईंच्या तोंडाला हात. “अगं बाई,” एवढंच त्या म्हणाल्या, “मी म्हटलं हलू नका.”

“तू म्हणालीस म्हणून नाही, आई,” नवरा म्हणाला. तो अजून जमिनीवरच होता. “मला उठवेचना. वाजतोय तोवर ते नाही म्हणालेले नसतात.”

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला. त्याच्या नखांत पीठ होतं. मी त्याच्या शेजारी खाली बसले. रेडिओवर आता कुणी दुसराच माणूस बोलत होता, आणि त्याच्यामागे लोक घरी निघाल्याची ती पायांची खसखस. इतके सगळे लोक एकदम गप्प होऊन चाललेत, हे आवाजातही कळतं.

पुन्हा फोन वाजला. आम्ही तिघंही हललो नाही. आता तर हलायला कुणाची ना नव्हती.

“ऊठ, बाळा,” आई म्हणाल्या. “काय ते ऐकून घे.”

तो उठला. इंग्रजीत ‘हो, मीच बोलतोय’ म्हणाला. मग बराच वेळ नुसतं ‘येस, येस’. मी त्याच्या मानेकडे बघत होते, तिथून काही कळतंय का. त्याने थँक यू म्हणून फोन ठेवला आणि तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा ठेवला.

“सोमवारपासून या म्हणतात.”

आईंनी देवापुढे साखर ठेवली. मी त्यांच्यादेखत नवऱ्याला मिठी मारली, तो लाकडासारखा उभा. “बरं झालं,” तो म्हणाला. “क्राइस्टचर्चला हॉर्नबीकडे खोल्या स्वस्त आहेत असं ऐकलंय. मी पुढे जातो, तू बदली माग.” मग पुन्हा अंघोळीला गेला, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला, बेकरीच्या मालकाला फोन केला. मालक नक्कीच स्वीट अ‍ॅज म्हणाला असेल. मी आनंदाने शिरा करायला घेतला, आणि रवा भाजता भाजता मला लख्ख कळलं की आता ही दुपार संपली. पुढल्या गुरुवारी हा समुद्रापलीकडे असेल, आई महिन्याभरात पुण्याला जातील, आणि मी इथे एकटी, दार लावून झोपेन. इतकी वाट पाहिली आम्ही त्या फोनची, आणि वाट पाहण्यातच आमचा संसार झाला होता तेवढा.

पाचच्या सुमाराला प्रोफेसर सायकलवरून उतरले ते थेट कुंपणाशी. नवरा आधीच तिथे उभा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्ही दोघी बघत होतो. प्रोफेसरांनी भुवया उंचावल्या. नवऱ्याने सांगायला तोंड उघडलं, “वी लॉस्ट.” कुंपणाची फळी दोन्ही हातांनी धरून तो रडायला लागला. हुंदके देऊन, खांदे हलवत, लहान मुलासारखा. बेकरीत पहिल्या दिवशी त्याला झाडू दिला तेव्हा तो रडला नव्हता. वडील गेल्याचा फोन आला आणि तिकिटाची सोय होईना तेव्हाही नाही.

प्रोफेसर गांगरले. मग कुंपणावरून हात टाकून त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि काहीतरी समजावत राहिले, बहुधा पुढच्या वर्षाचं. बोलता बोलता त्यांचाच चेहरा वाकडा झाला आणि तेही चष्मा काढून डोळे पुसू लागले.

“अगं, जा ना,” आई मला म्हणाल्या, पदराने नाक पुसत. “त्यांना सांग तरी, नोकरी लागलीय म्हणून. काय वाटत असेल बिचाऱ्यांना!”

“सांगू थोड्या वेळाने,” मी म्हणाले. “आत्ता त्याला टीमसाठी रडू दे.” शिरा ढवळायचा होता, पण मला कढई नीट दिसत नव्हती.